१९६८ : राष्ट्रगीत सुरू असताना



या गप्पांमध्ये आपण दर वेळी एक वर्ष घेतो आणि त्या वर्षात जगाचं काय चाललं होतं ते जरा निवांत बघतो. आजचं वर्ष १९६८ आणि देश अमेरिका. खेळ, संगीत आणि जगातल्या घडामोडी अशा तिन्ही बाजूंनी हे वर्ष इतकं गच्च भरलेलं आहे, की नुसती यादी वाचायची म्हटली तरी तास जाईल. म्हणून मी यादी वाचणार नाही. मी एक वाक्य घेऊन या वर्षात शिरणार आहे. वाक्य तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे : “खेळाडूनं खेळावं, गायकानं गावं. राजकारणात कशाला पडायचं?”

इंदूर असो, बडोदा असो की बंगळुरू, टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी बोललं जातं. बोलणारी माणसं वाईट नसतात. दिवसभर कामानं, बातम्यांनी डोकं पिकलेलं असतं, तेव्हा मॅच बघताना किंवा गाणं ऐकताना दोन घटका त्यातून सुटका हवी असते. ही अपेक्षा मला समजते. पण १९६८ साली अमेरिकेत काय झालं ते बघितलं, की या वाक्याच्या पोटात काय दडलेलं असतं ते दिसायला लागतं. ते दिसावं यासाठीच आजचा हा भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९६८ सुरू झालं तेव्हा व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते. सरकार सांगत होतं, आपण जिंकत आलोय. जानेवारीच्या अखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, म्हणजे ‘टेट’मध्ये, उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग यांनी दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकदम हल्ले चढवले. सायगावमधल्या अमेरिकन दूतावासाच्या आवारातही ते शिरले. लष्करी हिशेबात ते हल्ले परतवले गेले. पण घरोघरी टीव्हीवर ती दृश्यं दिसली आणि सरकारच्या बोलण्यावरचा लोकांचा विश्वास उडाला. २७ फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉन्काइट या अत्यंत विश्वासार्ह मानल्या गेलेल्या वृत्तनिवेदकानं, हे युद्ध कोंडीत अडकलंय, असं पडद्यावरून सांगितलं. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असं जाहीर केलं. त्या एका वर्षात सोळा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले. व्हिएतनामी माणसं किती मेली, याचा हिशेब तर कितीतरी मोठा.

दुसरीकडे देशाच्या आत वर्णभेदाचा प्रश्न पेटलेला होता. काळ्या नागरिकांच्या मतदानाचे हक्क कायद्यानं १९६५ साली पक्के झाले होते. पण घर, नोकरी, शाळा, पोलिसांची वागणूक या गोष्टी कायद्याच्या एका कागदानं बदलत नाहीत. १९६७च्या जुलैमध्ये डेट्रॉइट शहरात दंगल झाली, तीत ४३ माणसं गेली. डेट्रॉइट हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचंय.

आणखी एक नाव लक्षात ठेवा : मुहम्मद अली. १९६७च्या एप्रिलमध्ये त्यानं सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं. १९६८ साली हा जगातला सर्वांत मोठा मुष्टियोद्धा २६ वर्षांचा होता, ऐन भरात होता आणि रिंगणाबाहेर बसवलेला होता.

५ एप्रिल, बॉस्टन

४ एप्रिल १९६८. टेनेसी राज्यातलं मेम्फिस शहर. तिथल्या सफाई कामगारांचा संप चालू होता. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले होते, त्यानंतर हा संप पेटला होता. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेल्या पाट्या घेऊन कामगार रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या पाठीशी उभे राहायला मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले होते. हॉटेलच्या गॅलरीत उभे असताना त्यांना गोळी घातली गेली. वय अवघं ३९. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करायला १९५९ साली भारतात आलेले आणि मुंबईत मणिभवनात मुक्काम केलेले हेच किंग.

त्या रात्रीपासून शंभराहून अधिक शहरांत जाळपोळ झाली. बॉस्टनमध्ये दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, बॉस्टन गार्डन या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये जेम्स ब्राऊनचा कार्यक्रम ठरलेला होता. जेम्स ब्राऊन म्हणजे त्या काळातला ‘सोल’ संगीताचा बादशहा. त्याच्या कार्यक्रमाला हजारो काळी तरुण मुलं यायची.

महापौर केव्हिन व्हाइट यांच्यापुढे पेच होता. कार्यक्रम होऊ द्यावा, तर शहराच्या मध्यभागी हजारोंचा संतप्त जमाव जमणार. रद्द करावा, तर तिकिटं हातात घेऊन आलेला तोच जमाव बंद दारासमोर उभा राहणार, आणि ते जास्तच वाईट. टॉम ॲटकिन्स या काळ्या नगरसेवकानं तोडगा सुचवला : कार्यक्रम करा आणि तो टीव्हीवरून थेट दाखवा, म्हणजे लोक घरीच बसतील. घरबसल्या फुकट दिसणार म्हटल्यावर तिकिटं कोण घेणार? ब्राऊनचं नुकसान होणार होतं. शहरानं भरपाईचं आश्वासन दिलं, तेव्हा तो राजी झाला.

त्या रात्री स्टेडियममध्ये माणसं कमी आणि घरोघरी टीव्हीसमोर जास्त होती. कार्यक्रमाच्या शेवटाकडे काही मुलं रंगमंचावर चढली. पोलिस त्यांना खाली ढकलायला धावले. ठिणगी पडायला एवढं पुरेसं होतं. ब्राऊननं पोलिसांना मागे व्हायला सांगितलं, आणि मग मुलांना समजावलं की बाबांनो, खाली उतरा, आपण नीट वागू या, मला गाऊ द्या. मुलं उतरली. गाणं पुढे सुरू झालं. टीव्ही केंद्रानं कार्यक्रम संपल्यावर तोच परत दाखवला. इतर शहरं जळत असताना बॉस्टन बरंचसं शांत राहिलं.

आता गंमत बघा. एका गायकानं शहराच्या कायदा-सुव्यवस्थेच्या प्रश्नात हात घातला, तोही महापौरांच्या विनंतीवरून. याहून मोठं राजकारण कुठलं? पण त्या रात्री ‘गायकानं गावं, राजकारणात पडू नये’ असं महापौरांना वाटलं नाही. त्यांनी त्याचे आभार मानले. हा मुद्दा मनात ठेवा.

त्याच संध्याकाळी बॉस्टनचा बास्केटबॉल संघ, सेल्टिक्स, फिलाडेल्फियात सामना खेळत होता. बिल रसेल या संघाचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. या व्यावसायिक लीगमधला पहिला काळा प्रशिक्षक. खेळायचं की नाही यावर दोन्ही संघांत चर्चा झाली आणि शेवटी सामना झाला. बेसबॉलमध्ये उलट घडलं. नवा हंगाम ८ एप्रिलला सुरू व्हायचा होता. पिट्सबर्ग संघात काळे खेळाडू बरेच होते, प्वेर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेंटेही होता. किंग यांच्या अंत्यसंस्काराआधी आम्ही खेळणार नाही, असं त्या खेळाडूंनी ठरवलं. हंगाम १० तारखेवर गेला. ऑस्कर पुरस्कारांचा सोहळाही दोन दिवस पुढे ढकलला गेला.

जून : विजयाच्या भाषणातला एक खेळाडू

लॉस एंजेलिसमध्ये ४ जूनच्या रात्री डॉन ड्रायस्डेल या बेसबॉलच्या गोलंदाजानं (तिकडे त्याला पिचर म्हणतात) सलग सहावा ‘शटआउट’ पूर्ण केला. शटआउट म्हणजे पूर्ण सामना टाकून समोरच्या संघाला एकही धाव द्यायची नाही. असे लागोपाठ सहा सामने. हा विक्रम होता.

त्याच रात्री त्याच शहरात रॉबर्ट केनेडी कॅलिफोर्नियातली पक्षांतर्गत निवडणूक जिंकले. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे जाणारा हा मोठा टप्पा होता. अँबॅसडर हॉटेलात भाषणाला उभे राहिल्यावर त्यांनी ड्रायस्डेलच्या सहाव्या शटआउटचा कौतुकानं उल्लेख केला. सभागृह हसलं. काही मिनिटांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, हॉटेलच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडताना केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याला ज्यांनी धरून खाली पाडलं, त्यांत दोन खेळाडू होते : फुटबॉलपटू रोझी ग्रिअर आणि १९६० सालचा ऑलिंपिक डेकॅथलॉन विजेता रेफर जॉन्सन. दोघेही प्रचारात केनेडींसोबत फिरत होते. ६ जूनला केनेडी गेले.

त्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर असलेलं गाणं होतं सायमन आणि गारफंकल यांचं ‘मिसेस रॉबिन्सन’. या गाण्यात जो डिमाजिओ या निवृत्त बेसबॉलपटूचं नाव येतं, एका हरवलेल्या आदर्शासारखं. गाणं आधीच लिहिलेलं होतं, त्याचा या हत्येशी संबंध नव्हता. पण एप्रिलमध्ये किंग, जूनमध्ये केनेडी, अशा वेळी रेडिओवर ते लागलं की लोकांना ते कसं ऐकू येत असेल, विचार करा.

संगीताचा विषय निघालाच आहे तर आपला एक धागा सांगून टाकतो. याच वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत बीटल्स आपल्या हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते. कोणी लवकर परतले, कोणी उशिरा. त्यांच्यासोबत अमेरिकेच्या ‘बीच बॉइज’चा माइक लव्ह होता, अभिनेत्री मिया फॅरो होती. गंगेकाठी रचलेली कितीतरी गाणी नोव्हेंबरात आलेल्या त्यांच्या पांढऱ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये आहेत. त्याआधी सप्टेंबरच्या अखेरीपासून नऊ आठवडे त्यांचं ‘हे ज्यूड’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे जे सांगणार आहे, त्या सगळ्या काळात रेडिओवर हे गाणं वाजत होतं असं धरून चाला.

ऑगस्टच्या अखेरीस शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. बाहेर रस्त्यावर युद्धविरोधी तरुणांना पोलिसांनी बेदम झोडपलं, आणि तेही टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. सप्टेंबरात आर्थर ॲश हा अमेरिकन खुली टेनिस स्पर्धा जिंकणारा पहिला काळा पुरुष ठरला. तो तेव्हा सैन्यात लेफ्टनंट होता आणि हौशी खेळाडू म्हणून नोंदलेला होता. त्यामुळे विजेत्याचं १४ हजार डॉलरचं बक्षीस त्याला घेता आलं नाही, ते हरलेल्या टॉम ऑकरला मिळालं. ॲशच्या वाट्याला रोजचा भत्ता तेवढा आला.

७ ऑक्टोबर, डेट्रॉइट

आता ऑक्टोबर. बेसबॉलची ‘वर्ल्ड सिरीज’, म्हणजे दोन संघांत जास्तीत जास्त सात सामने, चार जिंकेल तो विजेता. एका बाजूला सेंट लुईस कार्डिनल्स, दुसऱ्या बाजूला डेट्रॉइट टायगर्स. सेंट लुईसकडे बॉब गिब्सन होता. त्या हंगामात त्यानं नऊ डावांच्या एका सामन्यामागे सरासरी १.१२ धावा दिल्या होत्या. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर फलंदाजांना त्यानं नुसतं पाणी पाजलं होतं. मालिकेच्या पहिल्याच सामन्यात त्यानं १७ फलंदाज चेंडूला न लागता बाद केले. त्या वर्षी सगळेच पिचर इतके वरचढ ठरले, की पुढच्या हंगामात त्यांचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला.

चार सामन्यांनंतर डेट्रॉइट ३-१ असं मागे पडलं. ७ ऑक्टोबरला पाचवा सामना, डेट्रॉइटमध्येच. हरले तर सगळं संपलं. सामन्याआधी राष्ट्रगीत गायला होजे फेलिसियानो हा २३ वर्षांचा गायक मैदानात आला. जन्मानं प्वेर्तो रिकोचा, जन्मतःच दृष्टिहीन. त्या उन्हाळ्यात त्याचं एक गाणं गाजलेलं होतं. टायगर्सचे समालोचक अर्नी हार्वेल यांनी त्याला बोलावलं होतं.

फेलिसियानोनं गिटार घेतली आणि राष्ट्रगीत आपल्या पद्धतीनं म्हटलं. शब्द तेच होते, चाल मात्र त्यानं संथ केली. आवाज कधी हलका, कधी आर्त. आज ते ध्वनिमुद्रण ऐकलं तर तुम्ही म्हणाल, किती प्रेमानं गायलंय! पण तोवर मोठ्या सामन्यात राष्ट्रगीत कोणी असं गायलेलं लोकांनी ऐकलंच नव्हतं. ते संपलं तेव्हा स्टेडियममध्ये काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो उडवली. टीव्ही कंपनीकडे तक्रारींचे फोन सुरू झाले. माझ्या देशानं मला इतकं दिलं, ते ऋण व्यक्त करायला मी मनापासून गायलो, असं फेलिसियानो तेव्हाही म्हणाला आणि नंतरही म्हणत राहिला. पण कित्येक रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी लावणं बंद केलं. दुसरीकडे त्याच राष्ट्रगीताची तबकडी निघाली आणि ती विक्रीच्या यादीत ५०व्या क्रमांकापर्यंत चढली. देश कसा दुभंगला होता, ते या एकाच गाण्यावरून कळतं.

सामन्याचं काय झालं? पाचव्या डावात सेंट लुईस ३-२ असं पुढे होतं. त्यांचा अतिशय चपळ खेळाडू लू ब्रॉक आणखी एक धाव काढायला होम प्लेटकडे धावला. डाव्या मैदानातून विली हॉर्टननं चेंडू फेकला, कॅचर बिल फ्रीहननं तो पकडून वाट अडवली आणि ब्रॉक बाद झाला. तो घसरत न येता उभाच आला होता. तिथून सामना फिरला. डेट्रॉइटनं तो ५-३ असा जिंकला, पुढचा १३-१ असा, आणि १० ऑक्टोबरला सातवा सामना खुद्द गिब्सनविरुद्ध ४-१ असा.

हा विली हॉर्टन डेट्रॉइटमध्येच वाढलेला काळा मुलगा. आदल्या वर्षी दंगल पेटली त्या दिवशी सामना संपल्यावर तो अंगातला टायगर्सचा गणवेश न उतरवता थेट जळत्या वस्तीत गेला होता, आणि गाडीवर उभं राहून लोकांना घरी जायची विनवणी करत होता. लोकांनी ऐकलं नाही. वर्षभरानं त्याच शहरातली काळी-गोरी माणसं एकाच रस्त्यावर विजयाचा जल्लोष करत होती.

‘टायगर्सनी डेट्रॉइटच्या जखमा भरल्या’ असं म्हणायची पद्धत आहे. ते मला अर्धंच खरं वाटतं. त्या रात्रीचा आनंद शंभर टक्के खरा होता. पण लोक शहर सोडून जात होते ते नंतरही जातच राहिले, जळालेल्या कित्येक जागा तशाच पडून राहिल्या. खेळ एका रात्रीपुरता माणसांना एका रस्त्यावर आणू शकतो. शाळा, घरं, नोकऱ्या ही कामं ज्यांची, त्यांनाच ती करावी लागतात.

१६ ऑक्टोबर, मेक्सिको सिटी

डेट्रॉइटमधल्या त्या राष्ट्रगीतानंतर नऊच दिवसांनी तेच गीत मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये वाजलं. ऑलिंपिकची सुरुवात १२ ऑक्टोबरला झाली होती. त्याच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्याच शहरातल्या त्लातेलोल्को चौकात सरकारी फौजांनी निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळीबार केला होता. मृतांचा आकडा आजही वादात आहे. खेळ ठरल्याप्रमाणे सुरू झाले. ज्यांना ‘खेळ राजकारणापासून अलिप्त’ हवे होते, त्यांना यात अडचण दिसली नाही.

पुरुषांची २०० मीटर शर्यत अमेरिकेच्या टॉमी स्मिथनं १९.८३ सेकंदांत, विश्वविक्रम करून जिंकली. ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन २०.०६ सेकंदांत दुसरा, अमेरिकेचा जॉन कार्लोस २०.१० सेकंदांत तिसरा. स्मिथ आणि कार्लोस हे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट कॉलेजचे विद्यार्थी. तिथल्याच हॅरी एडवर्ड्स या तरुण समाजशास्त्रज्ञानं काळ्या खेळाडूंची एक चळवळ उभी केली होती. अलीचं जेतेपद परत करा, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला ऑलिंपिकबाहेर ठेवा, काळे प्रशिक्षक नेमा, अशा तिच्या मागण्या होत्या.

पदकं घ्यायला दोघं आले ते बूट न घालता, काळे मोजे घालून. ही काळ्या समाजाच्या दारिद्र्याची खूण. कार्लोसच्या गळ्यात माळ होती, जमावानं ठार मारलेल्या काळ्या माणसांच्या आठवणीची. काळ्या हातमोज्यांचा एकच जोड हाताशी होता, म्हणून उजवा स्मिथनं घातला आणि डावा कार्लोसनं. तिघांच्याही छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला होता. हो, तिघांच्याही. नॉर्मन गोरा होता, ऑस्ट्रेलियाचा होता. त्यानं तो बिल्ला एका अमेरिकन नौकानयनपटूकडून मागून घेतला होता. राष्ट्रगीत सुरू झालं, दोघांनी मान खाली घातली आणि मूठ वर केली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी झेंड्याला हात लावला नाही. गीत संपेपर्यंत दोघं स्तब्ध उभे होते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज भडकले. खेळात राजकारण नको, हे त्यांचं ब्रीद. हेच ब्रंडेज १९३६ साली अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचे प्रमुख असताना हिटलरच्या बर्लिनला अमेरिकन संघ गेलाच पाहिजे म्हणून झटले होते. त्या खेळांत विजयमंचावर जर्मन खेळाडूंनी केलेला नाझी सलाम चालला होता. कारण तो ‘राष्ट्रीय’ होता! आता मात्र समितीनं अमेरिकेच्या संपूर्ण ॲथलेटिक्स पथकाला धमकावलं आणि स्मिथ-कार्लोस यांना संघातून काढून क्रीडाग्रामातून बाहेर घालवलं गेलं. त्यांची पदकं काढून घेतली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. पदकं त्यांच्याकडेच राहिली. गेलं ते बाकीचं : काम मिळेना, घरी जिवे मारण्याच्या धमक्या येत राहिल्या.

दोन दिवसांनी बॉब बीमननं लांब उडीत ८.९० मीटर गाठले. आधीचा विश्वविक्रम ८.३५चा. सरळ ५५ सेंटिमीटरची वाढ! मोजायचं यंत्र तिथपर्यंत पोचेना, शेवटी साधा टेप आणावा लागला. हा विक्रम १९९१पर्यंत टिकला. पदक घेताना बीमनच्या पायांतही काळे मोजे होते.

आणखी दोन खेळाडू

२५ ऑक्टोबरला, त्याच ऑलिंपिकमध्ये, चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लावस्का विजयमंचावर होती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे तिच्या देशात घुसले होते. तिनं सुधारणांच्या बाजूच्या जाहीरनाम्यावर सही केलेली असल्यामुळे ती काही काळ लपून राहिली होती आणि झाडांच्या फांद्यांना लोंबकळून, बटाट्यांची पोती उचलून तिनं सराव केला होता. फ्लोअर प्रकारातलं सुवर्णपदक तिला सोव्हिएत खेळाडूबरोबर विभागून मिळालं. सोव्हिएत राष्ट्रगीत वाजू लागताच तिनं मान वळवली आणि खाली घातली. बस, एवढंच.

अमेरिकेत तिच्या धैर्याचं कौतुक झालं. तिच्या देशात मात्र नव्या राजवटीनं तिला वर्षानुवर्षं बाजूला टाकलं. आता शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही प्रसंगांत विजयमंच तोच, मान खाली तशीच, राष्ट्रगीत चालूच. दुसऱ्याच्या राष्ट्रगीताला मान वळवली की धैर्य, आणि स्वतःच्या राष्ट्रगीताला मान खाली घातली की द्रोह.

दुसऱ्या दिवशी १९ वर्षांच्या जॉर्ज फोरमननं मुष्टियुद्धाच्या हेवीवेट गटात सुवर्ण जिंकलं आणि रिंगणात छोटासा अमेरिकन झेंडा फडकवला. त्यात काही राजकारण नव्हतं, आनंद होता, असं तो पुढे सांगत आला आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. पण स्मिथ-कार्लोसवर चिडलेल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि काही काळ्या तरुणांनी त्याला नावं ठेवली. स्वतःला न विचारता तोही एका बाजूचा ठरला.

मग त्या वाक्याचं काय?

सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ या. ‘राजकारणात पडू नका’ हे १९६८ साली कोणाला ऐकवलं गेलं? जेम्स ब्राऊननं लोकांना शांत केलं, तेव्हा नाही. तो जूनमध्ये व्हिएतनामला जाऊन सैनिकांसमोर गायला, तेव्हाही सरकारला काही खटकलं नाही. फोरमनच्या झेंड्याला कोणी नावं ठेवली असली, तरी ती अधिकाऱ्यांनी नाही. ते वाक्य ऐकावं लागलं स्मिथ आणि कार्लोसना. फेलिसियानोनं तर राजकारण केलंच नव्हतं, त्यानं फक्त चाल बदलली होती.

मला यातून दिसतं ते असं. खेळाच्या मैदानावर राष्ट्रगीत असतं, झेंडा असतो, पदकांचा देशवार हिशेब असतो. राजकारण तिथे आधीच येऊन बसलेलं असतं, आणि आपल्या सवयीचं असतं म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. ज्या खेळाडूचं वागणं त्या सवयीला धक्का देतं, त्याचंच तेवढं ‘राजकारण’ दिसतं. कलावंतानं लोकांना शांत केलं तर ती समाजसेवा, आणि अस्वस्थ केलं तर ती लुडबूड.

याचा अर्थ प्रत्येक खेळाडूनं प्रत्येक प्रश्नावर बोललंच पाहिजे, असा नाही. गप्प राहायचाही हक्क असतो. आपल्याकडेही हा विषय परका नाही. केरळमध्ये तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढलं गेलं. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की आदरानं उभं राहून न गाणं हा अपमान नाही, मुलांना परत घ्या. मैदानात हुर्यो उडवणाऱ्या गर्दीला जे जमलं नव्हतं, ते न्यायालयानं केलं : हा माणूस नेमकं काय करतोय, ते आधी नीट बघितलं.

आता पुढचं थोडक्यात. अलीची शिक्षा १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. चास्लावस्का १९८९च्या क्रांतीनंतर राष्ट्राध्यक्ष हॅवेल यांची सल्लागार झाली. फेलिसियानोनं २०१० साली डेट्रॉइटच्या मैदानात तेच राष्ट्रगीत त्याच पद्धतीनं पुन्हा गायलं, अर्नी हार्वेल यांच्या स्मरणार्थ. स्मिथ आणि कार्लोस यांना २००८ साली धैर्याचा एक पुरस्कार मिळाला, आणि त्या पुरस्काराला नाव आहे आर्थर ॲशचं. चाळीस वर्षं लागली. मान उशिरा मिळाला म्हणून मधली वर्षं परत मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

आणि पीटर नॉर्मन? त्याला आयुष्यात पुन्हा ऑलिंपिक खेळायला मिळालं नाही. त्याचा २०.०६ सेकंदांचा ऑस्ट्रेलियन विक्रम मात्र ५६ वर्षं टिकला, तो २०२४च्या डिसेंबरात मोडला. २००६ साली तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस दोघेही ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्याच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला. त्याच्या आदल्या वर्षी सॅन होजेच्या विद्यापीठात त्या विजयमंचाचं शिल्प उभं राहिलं होतं. त्यात स्मिथ आहे, कार्लोस आहे, आणि दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी आहे. नॉर्मनचीच तशी इच्छा होती. शिल्प बघायला येणाऱ्यानं स्वतः त्या जागी उभं राहावं आणि या दोघांना साथ द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं.

तर मित्रहो, पुढच्या वेळी मॅच बघताना ‘यांनी राजकारणात कशाला पडायचं’ असं कोणी म्हणालं, तर भांडू नका. फक्त विचारा, की हा खेळाडू लोकांना शांत करत असता, तर आपण हेच म्हटलं असतं का? काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू, एका नव्या वर्षासह. तोवर नमस्कार.